मधुमेह आणि आपले ताट
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. माझा जन्म शाळेत खडू झिजविण्यात गेला. तथापि ज्या विकाराने आपल्या घरोघरी ठाण मांडले आहे, त्याविषयी चार शब्द बोलणे मी कर्तव्य समजतो.

‘आम्ही सडपातळ, आम्हांस मधुमेहाचे भय कसले?’ असे पुष्कळ जण म्हणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एका इंग्रज सहकाऱ्याशी स्वतःची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु इंग्रजाच्या देहात चरबी शेकडा ९, तर याज्ञिकांच्या देहात शेकडा २१! आपली चरबी अशी लपून राहते.

ती यकृतात व स्वादुपिंडात साठली की साखरेचे नियमन बिघडते. उलट ती उतरली की विकारही ओसरू शकतो. ब्रिटनमधील एका प्रयोगाचे फलित २०१७ साली प्रसिद्ध झाले. विकार जडून सहा वर्षे न लोटलेल्या रुग्णांचे वजन आहारनियमनाने उतरविले. वर्षअखेर त्यांपैकी शेकडा ४६ जणांची साखर औषधावाचून मर्यादेत होती. १५ किलो वा अधिक वजन घटलेल्यांत हे प्रमाण शेकडा ८६ होते.

मात्र नुसती उपासमार केल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि रक्तातील साखर खर्ची घालणारे तर स्नायूच! त्यांच्या रक्षणास व्यायाम व प्रथिने हवीत. प्रथिनांनी भूकही लवकर शमते. निरोगी माणसास वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत ती बावीस-चोवीस ग्रॅम, एका अंड्यात सहा. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ शून्य. आपल्या ताटात मात्र भाताचा डोंगर आणि आमटीचे नुसते पाणी! सर्वांमागून जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्यास तर तेही उरत नाही.

म्हणून आधी उसळ, कोशिंबीर, दही. मग बेताची पोळी वा भात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारूनच हा बदल करावा.

शेवटी एक सूचना. पुढील संमेलनाच्या पंगतीत प्रथम उसळ वाढावी, आणि जिलबीचा आग्रह बंद करावा. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या पानात विकार वाढणे, हे आतिथ्य नव्हे.