सांधेदुखी, हस्तोपचार आणि देणगीचा विनियोग
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



गुडघा, खुबा व खांदा यांच्या दुखण्यासाठी आपल्या रुग्णालयात कायरोप्रॅक्टिकचा स्वतंत्र कक्ष उघडावा, अशी सूचना काही हितचिंतकांनी देणगीच्या तयारीसह केली आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे माझे कर्तव्य असल्याने, आपल्या डॉक्टरांशी झालेल्या चर्चेचे सार आपणांपुढे ठेवतो.

ही पद्धती अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे १८९५ साली डी. डी. पामर यांनी सुरू केली. मणक्यांना हाताने नेमका झटका देणे हा तिचा मूळ गाभा. पुढे हातापायांच्या सांध्यांवरही तिचा प्रयोग होऊ लागला. आपल्याकडे हाडवैद्यांची परंपरा जुनी असल्याने हाताच्या उपचारावर लोकांचा विश्वास बसणे स्वाभाविक आहे.

परंतु पुरावा काय सांगतो? इंग्लंडमधील ‘नाईस’ या संस्थेने सांध्यांच्या झिजेविषयी २०२२ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम आणि आवश्यक तेथे वजन घटविणे यांना अग्रस्थान आहे. हस्तोपचाराचा विचार केवळ गुडघा व खुबा यांच्यासाठी आणि तोही व्यायामाच्या जोडीनेच करावा, एकट्या हस्तोपचाराला पुरेसा आधार नाही, असे त्या सांगतात. खांद्याची गोष्ट निराळी. मधुमेही रुग्णांत खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. तेथे रक्तातील साखर तपासल्यावाचून पुढे जाता येत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. प्रत्येक दुखणे झिजेचेच असते असे नाही. खुब्याचा क्षयरोग, ठिसूळ झालेली हाडे, हाडात उतरलेला कर्करोग यांचीही सुरुवात दुखण्यानेच होऊ शकते. अशा सांध्याला झटका बसल्यास अपाय संभवतो. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांच्या तपासणीशिवाय कोणाच्याही सांध्याला हात लागू नये, हा आपला नियम राहील.

तिसरा मुद्दा माझ्या विषयातला, खर्चाचा. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या, तेव्हा शस्त्रक्रियेचा एक मोठा भार हलका झाला. पण ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही, अशा रुग्णांचा खर्च आपल्या बिलात दिसत नाही. मोलमजुरी करणाऱ्या भगिनीला रुग्णालयाची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोज, वर एस.टी.चे भाडे. हस्तोपचारासाठी तिला पुन्हा पुन्हा यावे लागते. नीट शिकविलेला व्यायाम मात्र ती घरी घेऊन जाते.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की, स्वतंत्र कक्षाऐवजी या देणगीतून फिजिओथेरपी विभागाला जोडून व्यायामगृह उभारावे. तेथे सायंकाळचे सामूहिक वर्ग असावेत, मराठीतून सचित्र पत्रके द्यावीत आणि निर्धन रुग्णांकडून शुल्क घेऊ नये. आवश्यक तेथे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हस्तोपचारही देतील. देणगीदारांच्या नावाची पाटी तेथेही सन्मानाने लागेल.

देणाऱ्याची भावना आणि घेणाऱ्याचे हित यांचा मेळ घालणे हेच विश्वस्त संस्थेचे काम आहे. या प्रस्तावास आपण संमती द्यावी, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.