सार्वकालिक जीवन आणि आपले अश्रू
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्यातून गेलेल्या वर्गमित्रांना आत्ताच आपण श्रद्धांजली वाहिली. त्यानंतर दोन शब्द बोलण्याची जबाबदारी संयोजकांनी माझ्यावर टाकली आहे. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली, तेव्हा तुमच्यापैकी अनेक जण घरी आलात. एकाने आपुलकीने विचारले, "अरे, तुम्ही ख्रिस्ती लोक सार्वकालिक जीवन मानता ना? मग एवढा का खचतोस?" प्रश्न मनापासून होता, म्हणून उत्तरही मनापासून देतो.

योहानाच्या शुभवर्तमानात लाजराची हकिगत आहे. येशू बेथानी गावी पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आपण त्याला उठवणार, हे येशूला ठाऊक होते. तरीही मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला. पौलानेही थेस्सलनीका येथील मंडळीला शोकच करू नका असे लिहिले नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच सांगितले. म्हणजे आमच्या श्रद्धेत अश्रूंना मनाई नाही.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य आठवा. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग पती. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनीही डोळे मिटले. त्या माउलीला दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? पण आशेने त्यांचे हात चालते ठेवले.

सार्वकालिक जीवन म्हणजे केवळ मेल्यानंतरचे न संपणारे आयुष्य नव्हे. देवाला ओळखून जगणे म्हणजे ते जीवन. ते इथेच सुरू होते आणि मरणाने तुटत नाही. माझी पत्नी देवाच्या हाती आहे आणि मीही त्याच हाती आहे, एवढा माझा विश्वास.

त्याने दुःख हलके झाले असे मी म्हणणार नाही. सकाळी चहाला आजही दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. रविवारच्या उपासनेत आम्ही सारे उभे राहून आपला विश्वास एकसुरात बोलून दाखवतो. देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांचा उल्लेख त्यात शेवटी येतो. काही रविवारी तिथे माझा आवाज फुटत नाही. तेव्हा शेजारचे म्हणत राहतात आणि त्यांच्या आवाजात माझे म्हणणेही होऊन जाते.

मित्रहो, ज्याची त्याची श्रद्धा वेगळी. पण शेजारी उभे राहणे सगळ्यांना जमते. आपल्या गेलेल्या सोबत्यांच्या घरी जात राहा. त्यांची नावे घ्यायला बिचकू नका. घरच्यांना ती ऐकायची असतात.