मोडलेल्या पायाचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात झालेले भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. आत येताना मांडवाबाहेर उभ्या मोटारसायकली पाहिल्या. निम्म्यांवर तिघे तिघे आले असणार. परतताना अंधार पडेल आणि वाटेत कुठेतरी मागे दिवा नसलेली कापसाची ट्रॉली उभी असेल. बहुधा आपल्यापैकीच कुणाची. गाडी जपून चालवा हे तुम्हाला सगळे सांगतात. लागल्यानंतर काय करायचे ते कोणी सांगत नाही, म्हणून तेवढेच बोलतो.

एका गावची गोष्ट. माणूस ३८ वर्षांचा, सहा एकर कोरडवाहू. बाजारातून येताना जीपने मागून उडवले, मांडीचे हाड मोडले. दवाखान्यात डॉक्टरने विचारले, कसे लागले? सोबतच्याने पोलिसांची कटकट नको म्हणून सांगितले, ‘गाडी घसरली.’ ते केसपेपरवर चढले. जीपवाला ओळखीचा. म्हणाला, खर्च मी देतो, तक्रार करू नका. आठ हजार दिले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. महिन्याने फिर्याद झाली, दावा लागला. विमा कंपनीच्या वकिलाने तो केसपेपर पुढे केला. म्हणाला, हा स्वतः घसरला, जीप मागून शोधून आणली. खरे बोलणारा माणूस खोटा ठरला आणि दावा गेला.

तेव्हा पहिली गोष्ट, दवाखान्यात खरे सांगा. कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता. अपघाताच्या जखमीवर उपचार आधी, कागद नंतर, असे मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम डॉक्टरलाही सांगते. ज्याने जखमीला उचलून आणले त्याला पोलीस अडकवतील ही भीतीही सोडा. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. फिर्याद त्याच दिवशी द्या. जखमी शुद्धीवर नसेल तर भावाने द्यावी. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ठाणेदार घेत नसेल तर तीच फिर्याद पोस्टाने पोलीस अधीक्षकाला पाठवा आणि पावती सांभाळा. गाडी हलवण्याआधी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये फोटो काढा. समोरच्या गाडीचा नंबर त्यात आला पाहिजे.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर? तरीही गंभीर जखमेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनची ती योजना आहे. त्याचा अर्ज जिथे अपघात झाला तिथल्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा.

लोक म्हणतात, समोरचाही आपल्यासारखाच शेतकरी, त्याच्या पोटावर पाय कशाला? भाऊ, त्याच्या गाडीचा विमा असेल तर पैसे कंपनी देते, तो देत नाही. त्याने हप्ता भरला तो याचसाठी. विमा नसेल तर मात्र बोजा त्याच्या अंगावर येतो. म्हणून ट्रॅक्टरवाल्यांनी आज घरी जाऊन आपल्या विम्याची तारीख पाहावी. मागे तिघे बसले होते म्हणून तुमचीही चूक, असे वकील म्हणेल. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नुसते तिघे बसल्याने चूक सिद्ध होत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा मार वाढला, हे दाखवावे लागते. याचा अर्थ तिघे बसा असा नाही!

आता मुद्द्याचे. भरपाईचा हिशेब वर्षाच्या कमाईवर होतो. ३६ ते ४० वयाला त्या कमाईचा १५ ने गुणाकार. महिना ६ हजार कमाई धरली आणि काम करण्याची ताकद ३० टक्के गेली, तर होतात ३ लाख २४ हजार. तोच पाय, तीच जखम. कमाई १२ हजार सिद्ध झाली तर ६ लाख ४८ हजार. पगारदार पगारपत्रक दाखवतो. आपण काय दाखवतो? सातबारा. त्यावर कंपनीचा वकील हसून म्हणतो, जमीन तर जागेवरच आहे, हिचे काय मोडले? हे तो मनाने बोलत नाही. हरियाणातल्या एका दाव्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की शेतकरी गेला तरी जमीन वारसांकडे राहते, म्हणून सगळे उत्पन्न बुडाले असे धरता येत नाही. पण त्याच निकालात असेही आहे की शेती बघायला माणूस ठेवावा लागू शकतो. आपली बाजू तिथे उभी राहते.

ज्या वर्षी पाय मोडला त्या वर्षी सालगडी ठेवावा लागला ना? डवरणीला, फवारणीला रोजाने माणूस लावला ना? त्याचे कागद करा. सालगड्याचा करार दोन साक्षीदारांसह, पैसे शक्यतो बँकेतून, रोजंदारीची वही तारखेनिशी. बाजार समितीच्या काटापट्ट्या, कापूस विक्रीच्या पावत्या, दूध डेअरीची बिले, आधीच्या तीन वर्षांची आणि नंतरची. उत्पादन खर्चात घरच्यांची मजुरी पूर्ण धरावी म्हणून आपण मोर्चे काढतो. पण आपल्या वहीत तरी ती कुठे लिहिलेली असते? घरधनीण वेचणी करते, निंदण करते. तिचा हात मोडला तर घरी बिनपगारी आहे असे लिहून मोकळे होऊ नका.

अपंगत्वाचा दाखला सरकारी दवाखान्यातून घ्या. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालाने सांगितले की शरीर किती टक्के गेले यापेक्षा कमाई किती टक्के गेली हे पाहायचे. आखडलेला गुडघा कारकुनाला खुर्चीत फारसा नडत नाही. डवऱ्यामागे दिवसभर चालणाऱ्याला तो संपवतो. हे डॉक्टरने साक्षीत सांगितले पाहिजे, तुम्ही नुसते लंगडून दाखवून भागत नाही.

कोऱ्या कागदावर सही करू नका. लोक अदालत वाईट नाही, खेटे वाचतात. पण तिथला निवाडा अखेरचा, त्यावर अपील नाही. पायातला रॉड काढायचा बाकी असताना तडजोड केली तर पुढचे ऑपरेशन तुमच्या खिशातून. आणि मिळेल त्यातले इतके टक्के, असा सौदा वकिलाने करणे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. स्त्रियांना, दलित-आदिवासींना, अपंगांना आणि ठराविक उत्पन्नाच्या आतल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात दूरच्या जिल्ह्यात झाला तरी आपण राहतो तिथे दाखल करता येतो. मुदत, १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना, ६ महिने. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. पोलीस अहवाल पाठवतील म्हणूनही थांबू नका.

ज्यांच्या घरी असा जखमी आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मांडवाच्या डाव्या बाजूला यावे. अपघाताची तारीख आणि दवाखान्याचा पहिला कागद जवळ ठेवा. ६ महिने कधी भरतात ते तिथेच मोजू.