दवाखान्याचं काम मोजायचं कसं?



सरकारी दवाखाना सुधारला की बिघडला, हे कसं ठरवायचं? ब्रिटनचं उदाहरण घेऊ. तिथली सार्वजनिक आरोग्यसेवा १९४८ पासून मुख्यतः करांवर चालते. उपचाराला बाजारभाव नाही, मग कामाचं मोल कसं लावणार? १९९८ पर्यंत राष्ट्रीय हिशेबात सोपी वाट होती: जेवढा खर्च, तेवढंच काम. साहजिकच उत्पादकता कागदावर ना वाढायची, ना घटायची.

पुढे शस्त्रक्रिया, तपासण्या मोजल्या जाऊ लागल्या. पण नुसती मोजणीही फसवते. डॉक्टरांनी दहाऐवजी पाच मिनिटांत रुग्ण उरकला, तर आकडा दुप्पट होतो. रुग्ण बरा झाला का, हे कळत नाही. म्हणून अर्थतज्ज्ञ टोनी ॲटकिन्सन यांच्या २००५ च्या अहवालाने गुणवत्ताही हिशेबात धरायला सांगितलं. उपचारानंतर रुग्ण जगला का, त्याला किती थांबावं लागलं, हेही मोजलं जाऊ लागलं.

आपण मात्र अजून 'तिथं काही मिळत नाही' एवढंच म्हणतो. वस्तीतल्या दवाखान्याबद्दल माहिती अधिकारात तीन नोंदी मागा: खर्च किती, रुग्ण किती, आणि नोंदवलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे. दरवर्षी तेच प्रश्न, त्याच शब्दांत. व्याख्या बदलली की तुलना संपते. डेटावर काम करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

खासगी इस्पितळ ज्यांना परवडत नाही, त्यांची बाजू नुसत्या संतापाने भक्कम होत नाही. पाच वर्षांच्या नोंदी हातात असल्या, तर ती खोडून काढणं अवघड जाईल.