समासातल्या नोंदी

(वसंत व्याख्यानमालेत मे २०२५ मध्ये वसईतील एका धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



निमंत्रण घेऊन आलेल्या कार्यकर्त्यांनी मला विषय सुचवला होता 'श्रद्धा आणि समाज'. एवढ्या ऐसपैस विषयाला माझे हात पुरायचे नाहीत. मी म्हटलं, मी माझ्या ऑफिसातल्या कपाटाविषयी बोलतो. मंडळी जराशी हिरमुसली, पण पत्रिका छापून झाली होती.

ते एक लोखंडी कपाट आहे. पावसाळ्यात त्याचं दार फुगल्यासारखं होतं आणि लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. आत तीन प्रकारच्या वह्या आहेत: बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या. फादर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पांढरा झगा, वेदी, मेणबत्त्या येत असतील. प्रत्यक्षात फादरचा निम्मा दिवस या वह्यांपुढे जातो. मी आधी कारकून आहे आणि मग धर्मगुरू.

ही कारकुनी जुनी आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ठरवलं की लग्न धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर व्हावं आणि त्याची नोंद वहीत राहावी. तोवर युरोपात गुपचूप लग्नं होत, आणि पुढे नवरा कानावर हात ठेवून मोकळा व्हायचा. म्हणजे वहीचा जन्मच मुळी फसवल्या गेलेल्या बाईसाठी झाला, असं मी आपलं समजतो. चर्चचा इतिहास लिहिणारे कदाचित इतकं सरळ म्हणणार नाहीत.

बाप्तिस्म्याच्या वहीला रुंद समास असतो. मूल तिथे नोंदलं जातं आणि पंचवीस-तीस वर्षांनी ते कुठेही लग्न करो, तिथला फादर आम्हाला कळवतो. मग त्याच्या नावासमोर, समासात, लग्नाची तारीख आणि गाव लिहायचं. माणूस गाव सोडून जातो, त्याची ओळ जात नाही. समासात पूर्वी नंदाखाल, सांडोर, पापडी, फार तर वांद्रे अशी नावं यायची. मग कुवेत आलं, दोहा आलं. हल्ली टोरंटो येतं. माझ्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येणाऱ्या दर तिसऱ्या पोराला तो देवासाठी नको असतो, परदेशी जायच्या फाइलला जोडायला हवा असतो. मी देतो. कुरकुर करतो, पण देतो.

भाषाही पाहण्यासारखी आहे. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये, मग इंग्रजीत, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली उपासनेत मातृभाषेला वाट करून दिल्यानंतर हळूहळू मराठीत. माझ्या आईनं लॅटिन मिस्सा, म्हणजे ही उपासना, वर्षानुवर्षं तोंडपाठ म्हटली. एका शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. मराठीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिची तक्रार होती की देव एकदम शेजारच्या घरात राहायला आल्यासारखा वाटतो. आता आमच्याकडे घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये प्रमाण मराठी आणि लग्नपत्रिका इंग्रजीत. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

वडिलांचा व्यवसाय असा एक रकाना आमच्या जुन्या वह्यांत आहे. पानामागून पान शेतकरी, शेतकरी, शेतकरी. वसईचा हा पट्टा केळीचा, पानवेलींचा, फुलांचा. प्रत्येक वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, त्यावर रहाट. ऐंशीच्या दशकात इमारती आल्या आणि त्यांची तहान भागवायला टँकर आले. पंपांनी रात्रंदिवस विहिरी उपसल्या. जमिनीखालचं गोडं पाणी उपसलं की खाडीचं खारं पाणी त्या जागेत शिरतं, हे आमच्या आजोबांना कुठल्या भूगर्भतज्ज्ञानं सांगावं लागलं नव्हतं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. धर्मगुरूनं टँकरबद्दल का बोलावं, असं त्यांना विचारणारे चर्चमध्येही होते. पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्याच मंडळींनी पेढे वाटले.

आमच्या चर्चची विहीर आता मचूळ आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री आम्ही पाणी आशीर्वादित करतो, बाप्तिस्म्यासाठी. यंदा त्या विधीच्या आधी वेदीसेवकांतल्या एका पोरानं मला विचारलं, "फादर, विहिरीचं घालू की जारचं?" धर्मशास्त्र या बाबतीत उदार आहे. पाणी खरं पाणी असलं की झालं, समुद्राचंसुद्धा चालतं. बाप्तिस्म्याला मचूळ पाणी चालतं, चहाला चालत नाही. मी त्याला विहिरीचंच घालायला सांगितलं. नंतर एक आजी बोटं बुडवून कपाळाला लावताना चव घेतल्यासारखं करून म्हणाल्या, "आपलंच हाय." ती स्तुती होती की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.

मृत्यूच्या वहीत एक रकाना असतो: शेवटचे संस्कार दिले का? तिथे हो किंवा नाही लिहायचं. २०२१ च्या एप्रिल-मेमधली पानं मी सहसा उघडत नाही. नाही, नाही, नाही, एकाखाली एक. कोविडमुळे दवाखान्यात आत जाता येत नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, पोप फ्रान्सिस पावसात सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात एकटेच उभे राहिलेले जगानं पाहिले. ते दृश्य मोठं होतं. आमच्याकडे दृश्य वगैरे काही नव्हतं. नर्स फोन पेशंटच्या कानाशी धरायची आणि मी इकडून प्रार्थना म्हणायचो. पलीकडे फक्त यंत्राची टिकटिक आणि श्वास. एकदा मी बराच वेळ म्हणत राहिलो आणि मग नर्सच म्हणाली, "फादर, झालं." प्रार्थना झाली असं तिला म्हणायचं होतं, असं मी क्षणभर धरून चाललो होतो.

फोनवरून संस्कार होत नाही. नियम स्पष्ट आहे, आणि त्यामागचं कारण मला पटतं: स्पर्श लागतो, तेल लागतं, माणूस समोर लागतो. म्हणून रकान्यात मी 'नाही' लिहिलं. पण प्रत्येक 'नाही'समोर समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'फोनवर प्रार्थना केली'. वह्या तपासायला आलेल्या ज्येष्ठ धर्मगुरूंनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, हे कशात बसत नाही. मी म्हटलं, म्हणून तर समासात आहे. त्यांनी पान उलटलं. खोडायला सांगितलं नाही.

आता अगदी ताजं. गेल्या महिन्यात २१ तारखेला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस गेले. लगेच दुसऱ्या दिवशी पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. सव्वीस माणसं गेली. त्यातली तिघं डोंबिवलीची, म्हणजे आमच्या वसई-दिवा लाइनच्या त्या टोकाची. शनिवारी रोमला पोपमहाशयांचे अंत्यविधी, आणि रविवारी सकाळी माझ्यापुढे खचाखच भरलेलं चर्च. नवे पोप कसे आहेत म्हणून हल्ली सगळे मला विचारतात. अहो, मलाही तुमच्यासारखंच टीव्हीवर कळलं. पण त्या रविवारविषयी मला सांगायचं आहे.

मिस्सामध्ये प्रवचनानंतर लोकांच्या वतीनं विनंत्या वाचतात. त्या दर आठवड्याला पाळीपाळीनं एकेका वाडीतलं कुटुंब लिहून आणतं. त्या दिवशी पाळी एका शिक्षिकेच्या घराची होती. वहीच्या फाडलेल्या पानावर, सुवाच्य अक्षरात पाच विनंत्या. पोपमहाशयांच्या आत्म्यासाठी, दहावीच्या निकालासाठी, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी. आणि पाचवी, पहलगामच्या मृतांसाठी, तिचा शेवट होता, 'आणि ज्यांनी हे केलं त्यांचा समूळ नाश होवो.'

मी पेन काढलं. 'समूळ नाश'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'त्यांचं मन पालटो आणि न्याय होवो.' शत्रूवर प्रीती करा असं सांगणाऱ्याच्या वेदीवरून दुसरं काय वाचणार? बाईंनी काट पाहिली. काही बोलल्या नाहीत. त्यांचा भाचा सैन्यात आहे, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. त्यांनी पाचवी विनंती माझ्या शब्दांत वाचली. हजेरी घेतानाचा आवाज असतो ना, तसा. लोक नेहमीप्रमाणे म्हणाले, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

मिस्सानंतर त्या ऑफिसात आल्या. कागद परत मागितला. म्हणाल्या, "फादर, तुमचं वाक्य बरोबर होतं. पण प्रार्थना माझी होती."

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. माझं चुकलं असं मला वाटत नाही. उद्या तसंच लिहून आलं तर पुन्हा काट मारीन. चर्चमधून सुडाची मागणी मोठ्यानं करायची सवय लागली की ती एका रविवारपुरती राहत नाही, आणि तिला नेहमी जवळचाच कुणीतरी सापडतो. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा. तिथे देवापुढे माणसं शत्रूला असे काही शिव्याशाप देतात की मी ते प्रवचनात वाचायला धजणार नाही. ती स्तोत्रं कुणी खोडली नाहीत. तो राग देवापुढेच ओतायचा असतो, शेजाऱ्यापुढे नाही, असा त्याचा अर्थ मी इतकी वर्षं शिकवत आलो. आणि एक बाई नेमकी तेच करायला आली, तेव्हा मी पेन काढलं.

तो कागद मी त्यांना परत दिला. देण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढावा असं मनात आलं, पण काढला नाही. काट मारलेल्या ओळीतलं त्यांचं अक्षर माझ्या शाईखालून वाचता येत होतं. या रविवारी पुन्हा त्यांच्याच वाडीची पाळी आहे. विनंत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत ऑफिसात द्यायच्या असतात, पण त्यांनी निरोप पाठवलाय की या वेळी त्या कागद थेट वेदीपाशीच घेऊन येतील. मी हो म्हटलं आहे.