औषधाची चिठ्ठी आणि आरोपीचा पिंजरा



वसंतातल्या संध्याकाळी कायद्याचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे आमरसाच्या पंगतीत काढा वाढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु हा काढा घोटभर घेतलेला बरा. आपल्या बहुतेकांच्या घरी एखादी तरी गोळ्यांची पट्टी अशी असते, की जी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकणे हा गुन्हा आहे. ती विकणारा आपलाच शेजारी असतो, घेणारे आपणच असतो, आणि दोघांनाही ‘कशाला पाहिजे चिठ्ठी?’ असे वाटत असते.

बीड जिल्ह्याला हा विषय परका नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली भरल्या. पुढल्याच वर्षी परळीच्या एका दवाखान्यात गर्भपात करताना एक विवाहिता दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. २०१९ साली बीडच्या न्यायालयाने डॉ. सुदाम मुंडे व त्यांच्या पत्नी डॉ. सरस्वती मुंडे यांना दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. तो खटला औषधदुकानाचा नव्हता. पण त्या वादळानंतर राज्यभर औषधदुकानांची झाडाझडती सुरू झाली आणि गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशेब मागितला जाऊ लागला. तेव्हा अनेक दुकानदारांनी काय केले? चिठ्ठी आणि बिल नीट ठेवण्याऐवजी त्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. ज्या बाईला कायद्याने हक्क आहे, जिच्या हाती डॉक्टरची चिठ्ठी आहे, तीही रिकाम्या हाताने परतू लागली. या गोळ्या कायद्याने निषिद्ध नाहीत. निषिद्ध आहे ते त्या चिठ्ठीवाचून देणे. कायदा न समजता त्याची नुसती भीती बाळगली, तर अपराधी पळवाट शोधतो आणि निरपराध मात्र नाडला जातो, हेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मूळ कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्यांतल्या ‘एच’ परिशिष्टातील औषध चिठ्ठीवाचून किरकोळीने विकता येत नाही. १ मार्च २०१४ पासून ‘एच-एक’ नावाचे आणखी कडक परिशिष्ट अमलात आले. त्यात काही प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि सवय लावणारी औषधे आहेत. ती विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध व त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीही कशीबशी चालत नाही. तिच्यावर सही हवी, तारीख हवी, रोग्याचे नाव हवे, औषध किती व कसे घ्यावयाचे ते हवे. शिवाय डॉक्टरने तसे लिहिल्याखेरीज एकाच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध मिळत नाही.

हे मोडले तर काय होते? शिक्षेच्या पायऱ्या आहेत. परवाना असून नियम मोडला, तर साधारणतः एक ते दोन वर्षांची कैद आणि निदान वीस हजारांचा दंड. २०२३ च्या दुरुस्तीने यातील काही अपराध तडजोडीने मिटविण्याची सोय झाली आहे. परवानाच नसताना विक्री केली, तर तीन ते पाच वर्षे आणि निदान एक लाख. औषधच बनावट निघाले, तर किमान सात वर्षे, आणि त्याने मृत्यू वा जबर इजा संभवत असेल, तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. दुकानदाराने स्वतःच गर्भपात करविण्याचा उद्योग केला, तर गर्भपाताच्या कायद्याखाली दोन ते सात वर्षांची सक्तमजुरी वेगळीच.

परंतु आरोप म्हणजे अपराध नव्हे. परळीच्या वेळी लोकांचा संताप रास्तच होता, पण न्यायालय संतापावर चालत नाही, पुराव्यावर चालते. म्हणून बचाव कशाचा असतो तेही समजून घेतले पाहिजे.

पहिला बचाव हेतूचा. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मोहम्मद शब्बीर यांच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की औषध नुसते जवळ सापडणे पुरेसे नाही, ते विक्रीसाठी बाळगले होते हे सिद्ध झाले पाहिजे. १९७९ च्या निवाडासंग्रहांत आलेला हा निकाल आजही प्रत्येक वकिलाच्या हाताशी असतो.

दुसरा बचाव प्रक्रियेचा. निरीक्षकाने नमुना घेतला, तर त्याचे भाग करून एक भाग दुकानदाराला द्यावा लागतो. सरकारी विश्लेषकाचा अहवाल हाती पडल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत ‘आम्हांला हा अहवाल मान्य नाही, आम्ही विरुद्ध पुरावा देऊ’ असे लेखी कळविले पाहिजे. हे अठ्ठावीस दिवस गेले, की तो अहवाल निर्णायक ठरतो. कितीतरी माणसे हा काळ ‘साहेबांना भेटून बघू’ म्हणत घालवतात आणि मग वकिलाकडे येतात. तसेच २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की या कायद्याच्या चौथ्या प्रकरणातील गुन्ह्यांत पोलिसांनी परस्पर गुन्हा नोंदवून खटला चालवावयाचा नाही, ते काम औषध निरीक्षकादी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे आहे.

तिसरा बचाव प्रामाणिक व्यापाऱ्याचा. माल परवानाधारकाकडून घेतला, तो वाईट आहे हे वाजवी काळजी घेऊनही कळणे शक्य नव्हते, आणि आला तसाच नीट सांभाळला, हे तिन्ही दाखविता आले, तर विक्रेता सुटतो. मात्र हे तोंडी दाखविता येत नाही. २०२४ साली आपल्या अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला पुरविलेल्या गोळ्यांत अॅझिथ्रोमायसिन हे औषधच नसल्याचे उघडकीस आले आणि पुरवठादारांवर गुन्हा नोंदला गेला. अशा वेळी माल कुठून कुणाकडे आला, ही साखळी कोण सांगणार? बिलेच सांगणार. ज्याच्याजवळ बिल नाही, तो साखळीतली शेवटची कडी ठरतो आणि सारा भार त्याच्याच गळ्यात पडतो.

आता याहून कठोर कायद्याकडे वळू. झोपेच्या, फेफऱ्याच्या, वेदनेच्या काही गोळ्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही मोडतात. तेथे शिक्षा वजनावर ठरते. अल्प्राझोलाम हे झोपेचे औषध घ्या. त्याचे शंभर ग्रॅमहून अधिक वजन म्हणजे व्यापारी प्रमाण, आणि त्याला दहा ते वीस वर्षे. हे वजन शुद्ध औषधाचे धरावयाचे की साऱ्या मिश्रणाचे? २०२० च्या हिरा सिंग निकालाने सांगितले, साऱ्या मिश्रणाचे. समजा, अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी एकदशांश ग्रॅम भरते. अशा हजार गोळ्यांत औषध अवघे अर्धा ग्रॅम, पण वजन भरले शंभर ग्रॅम! त्यावर एक गोळी वाढली, की प्रमाण व्यापारी, आणि अशा प्रकरणात जामीन मिळणेही फार अवघड.

येथे आम्हांला आपल्या ऊसतोड कुटुंबांची आठवण होते. दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात ते सहा महिने परत येत नाहीत. समजा, एका मजुराला फेफरे येते आणि तो रोज एक फिनोबार्बिटोनची गोळी घेतो. सहा महिन्यांच्या झाल्या एकशे ऐंशी. हे औषध या कडक कायद्याच्या यादीत आहे. स्वतःच्या उपचारासाठी शंभर मात्रांपर्यंत जवळ बाळगता येतात. त्यापुढे तीनशेपर्यंत बाळगावयाच्या, तर दीर्घ उपचारासाठी डॉक्टरने तसे खास लिहून दिले पाहिजे. म्हणजे त्या मजुराच्या गाठोड्यातला चिठ्ठीचा कपटा हाच त्याचा वकील.

अटकेचीच वेळ आली, तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे आणि तो आरोपीला सांगितला गेला पाहिजे. अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब दोषसिद्धीसाठी वापरता येत नाही, असे तोफान सिंग खटल्यात २०२० साली ठरले. पंचनामा वाचल्यावाचून सही करू नये. आणि वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतल्या माणसाला तेथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. व्यसनात सापडलेल्याने आपण होऊन उपचार पत्करले, तर काही प्रकरणांत खटल्यातून मुक्ततेचीही वाट आहे. ती वाट घरच्यांनी लाजेपोटी बुजवू नये.

दुकानदार बंधूंना आमचे एवढेच सांगणे आहे, की बचाव न्यायालयात उभा राहतो, पण तयार होतो तो गल्ल्यावर, रोज, प्रत्येक बिलागणिक. आणि आम्हां गिऱ्हाइकांना? ‘ओळखीचा आहे, देईल’ म्हणून चिठ्ठीवाचून गोळी मागताना आपण त्या ओळखीच्या माणसालाच पिंजऱ्याकडे ढकलत असतो. उद्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली, तर रागावू नका. तो तुमचीही राखण करीत आहे आणि स्वतःचीही.

काढा संपला.