तेंच तें, पुन्हां पुन्हां



पनवेलहून रोह्यास जाणाऱ्या लोहमार्गावर आपट्यापुढें जिते हें लहानसें स्थानक लागतें. पुढें हमरापूर, मग पेण. हा टापू गणेशमूर्तींचा. एकाच साच्यांतून तीच मूर्ति शेंकडों वेळां निघते, आणि त्यास कसब म्हणतात. मात्र एखादा मुलगा तासन् तास थाळीच गरगर फिरवीत बसला, तर ती खोड ठरते.

हें स्वमग्नतेचें, म्हणजे ऑटिझमचें, लक्षण असूं शकतें. १९४३ सालीं बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अशा अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील पहिला मुलगा ठोकळे, भांडीं, फिरेल तें फिरवी. कोणी अडविल्यास आकांत करी.

हें कां घडतें? स्वमग्न व्यक्तीस गोंगाट, प्रखर प्रकाश, गर्दी पुष्कळदां असह्य होते. अशा वेळीं डोलणें, हात हलविणें, तेंच वाक्य म्हणणें यांनीं मन थाऱ्यावर येतें, असें कित्येक प्रौढ स्वमग्न व्यक्ति स्वतःच सांगतात. कधीं त्यांत निव्वळ आनंदही असतो. बळें हात धरल्यास आधार जातो. भीति तेवढी उरते.

डोकें आपटणें, हात चावणें अशी इजा होत असेल, तर मात्र स्वस्थ बसूं नये. दुखणें, गोंगाट कीं मोडलेला नित्यक्रम, याचा शोध घ्यावा; वैद्यकीय सल्ला घ्यावा.

भाद्रपदांत घर पाहुण्यांनीं भरतें, ढोल वाजूं लागतात, आणि मूल कोपऱ्यांत थाळी घेऊन बसतें. तेव्हां लाजेनें थाळी काढून घेऊं नये. पाहुण्यांनाच दोन शब्द समजावून सांगावे.